इंजिन घरी उघडू नका म्हणता, मग उघडायचं कसं ते कोण छापणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत गाड्यांचं जे पान येतं त्यात मागे एक लेख होता, घरच्या घरी बाईकचं इंजिन उघडणं म्हणजे निव्वळ मूर्खपणा, व्हिडिओ बघून कोणी मेकॅनिक होत नाही, वगैरे वगैरे. मी तो जरा उशिराच वाचला. वाचला तो पण कसा, तर आमच्या बुलेटचं ऑइल फरशीवर सांडू नये म्हणून नेमकं तेच पान खाली पसरलं होतं, काळं ऑइल ठिबकून मधला अख्खा कॉलम गेला पण "मूर्खपणा" हा शब्द तेवढा कोरडा राहिला. मुलगी म्हणाली, बाबा, तुमच्याबद्दल छापून आलंय बघा.

म्हणून हे पत्र. राग वगैरे काही नाही, अर्धा लेख मला पटलाय पण. पण उरलेला अर्धा कोणीतरी लिहायला पाहिजे ना.

गाडी आमच्या आण्णांची, १९८६ ची, साडेतीनशे, जुनं बीडाचं (म्हणजे ओतीव लोखंडाचं) इंजिन. ३४६ सीसी, बोअर म्हणजे सिलिंडरची रुंदी ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ९०. म्हणजे १९५५ पासून मद्रासला जी बनायला लागली तिचाच वंश, आणि गंमत म्हणजे इंग्लंडातला मूळ कारखाना बंद पडला तरी आपल्याकडे हे इंजिन २०१० च्या आसपासपर्यंत बनत होतं. आण्णा साखर कारखान्यात होते, तीस वर्षं त्याच गाडीवर ड्युटीला गेले. ते गेल्यावर गाडी माझ्याकडे आली आणि मग आला २०१९ चा महापूर. सांगलीकरांना सांगायला नको, आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ ची. आमची गल्ली बुडाली, आम्ही वरच्या मजल्यावर आणि गाडी खाली पोर्चमध्ये पाच दिवस कृष्णेच्या गढूळ पाण्यात. पाणी ओसरल्यावर जुन्या मिस्त्रींनी इंजिनातून अक्षरशः दुधाच्या चहासारखं ऑइल काढलं, तीनदा डिझेल घालून धुतलं आणि गाडी चालू करून दिली. चालली पण चांगली. पण आत कॅमच्या (व्हॉल्व उघडणारा फिरता उंचवटा) तोंडावर गंजाचे बारीक खड्डे राहिलेच असणार, ते हळूहळू टॅपेट (कॅमवर टेकलेला छोटा दांडा) खात बसले.

गेल्या वर्षी टिकटिक सुरू झाली. गाडी थोडी तापली की उजव्या बाजूने टिक टिक टिक. टॅपेट लावून, म्हणजे त्याची फट नीट करून, आणला की शे-दीडशे किलोमीटर गप्प, मग परत तेच. तोवर मिस्त्रींनी डोळ्यांमुळे गॅरेज बंद केलेलं. ज्या गॅरेजला गेलो (नाव सांगत नाही, शहरात अशी बरीच आहेत) तिथला पोरगा दर वेळी टॅपेट लावून द्यायचा, पैसे घ्यायचा, आणि चौथ्या वेळी म्हणाला सर, पूर्ण इंजिन खोलावं लागेल, पंधरा-सोळा हजार धरून चाला, आणि गाडी महिनाभर ठेवा. मी विचारलं नेमकं काय गेलंय, तर म्हणे खोलल्यावर कळेल. माझं दुखणं इथे आहे साहेब. टॅपेट परत परत ढिला होतोय याचा अर्थ एक तर ॲडजस्टरचा (फट कमीजास्त करायचा स्क्रू) लॉकनट सुटतोय नाहीतर कॅम किंवा टॅपेटचा पाय झिजतोय, एवढं साधं गणित. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टायमिंग कव्हरला (कॅम झाकणारं उजवं झाकण) आणि दांडा कानाला लावला की आवाज खालून येतोय का वरच्या रॉकरमधून ते घरी सुद्धा कळतं. माझा खालून येत होता.

आता मुद्द्याचं. बुलेटच्या या जुन्या इंजिनात कॅम वर हेडमध्ये नसतात, खाली क्रँकच्या (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) शेजारी असतात, इनलेटचा एक आणि एक्झॉस्टचा एक, दोघांना आपापलं गिअर. क्रँक दोन फेऱ्या मारतो तेव्हा कॅमची एक होते. म्हणजे ३००० च्या स्पीडला कॅम मिनिटाला १५०० वेळा टॅपेटला ढुशी देतो, टॅपेट पुशरॉडला वर ढकलतो, पुशरॉड रॉकरला आणि रॉकर व्हॉल्वला. हे सगळं उजव्या बाजूच्या एका कव्हरच्या मागे. हेड काढायचं नाही, ब्लॉक काढायचा नाही, इंजिन फ्रेममधून उतरवायचं नाही. म्हणून म्हणतो हे काम वेगळं आहे. जुन्या यझदी, राजदूत, आरएक्सवाल्यांना तर हे प्रकरणच नाही, टू स्ट्रोकला असे कॅमवरचे व्हॉल्वच नसतात. आणि २००८-०९ नंतरच्या बुलेट-क्लासिकचं जे इंजिन आलं त्यात पुशरॉड आहेत पण टॅपेट हायड्रॉलिक, ते लावायचे नसतातच, आणि २०२० च्या मिटिऑरपासून जे नवीन आलं त्याला पुशरॉडच नाहीत, कॅम वर आणि चेनवर. तुमच्या लेखकाच्या डोळ्यासमोर अशी नवी गाडी असेल तर त्यांचं बरोबर आहे. पण लेखात "बाईकचं इंजिन" एवढंच लिहिलंय, जसं काही सगळी इंजिनं एकाच आईची.

आमचे आजोबा तासगाव तालुक्यातले, विहिरीवर डिझेल इंजिन होतं. किर्लोस्करवाडी जवळ, पट्ट्यात अशी इंजिनं पुष्कळ. त्या इंजिनाला पण पुशरॉड होते आणि टॅपेट आजोबा स्वतः लावायचे, फिलर गेज (फट मोजायची पट्टी) कुठला, दाढीच्या ब्लेडचे दोन तुकडे एकावर एक. एक ब्लेड साधारण ०.१ मिलिमीटर असतं, दोन म्हणजे ०.२, त्या माणसाने चौथीपर्यंत शिकून हे काढलं होतं. पाणी द्यायची पाळी असताना मिस्त्री कुठून आणणार, पिकाला कळतं का मिस्त्री सोमवारी येणार आहे म्हणून. त्यांना कोणी मूर्ख म्हटलं नाही. मग मोटरसायकलवालाच तेवढा मूर्ख का?

दिवाळीच्या सुट्टीत काम काढलं. मी शाळेत शिकवतो, गणित, हातात खडू असतो पाना नाही, हे आधीच सांगतो. मुलगी डिप्लोमाला आहे, तिने इंग्रजी मॅन्युअल मोठ्याने वाचायचं आणि मी हात काळे करायचे अशी वाटणी. बायको दारातून म्हणाली, अहो, पाहुणे येणारेत, हे पसारा मांडायचे दिवस आहेत का. बरोबर होतं तिचं, पण सुट्टी तेव्हाच असते.

सगळ्यात आधी इंजिन रात्रभर गार. मग टाकी उतरवून लांब ठेवली (पेट्रोल, आणि आमच्या घरात दिव्यांचे दिवस, म्हणून शेजारच्यांच्या रिकाम्या गाळ्यात). मग प्लग काढून अंगठा भोकावर ठेवायचा आणि किक हळू दाबायची, हवा अंगठ्याला ढकलायला लागली की कॉम्प्रेशनचा स्ट्रोक, तिथून पिस्टन वर आणायचा. बुलेटला अँपिअरचा काटा असतो, चावी चालू करून किक सावकाश दाबली की काटा मधोमध येतो तेव्हा ठिणगी पाडणारा पॉइंट उघडलेला असतो, म्हणजे आपण जवळपास पोचलो. आण्णा किक मारताना हेच बघायचे, मला वाटायचं ते वेळ बघतायत. पुढचं अगदी नेमकं मुलीने शहाळ्याची नळी प्लगच्या भोकात धरून काढलं, नळी वर येते येते आणि थांबते ती जागा. या जागी दोन्ही व्हॉल्व बंद असतात, पुशरॉडवर दाब नसतो. ही पायरी गाळली तर पुढे सगळं स्प्रिंगच्या जोराशी कुस्ती.

रॉकरची दोन्ही झाकणं काढली, ॲडजस्टर पूर्ण ढिले केले, रॉकरचे ठोकळे नट काढून उचलले. ठोकळ्याचा वरचा आणि खालचा तुकडा जोडीने बनवलेला असतो, इकडचं झाकण तिकडे चालत नाही, जोडी मोडायची नाही. मग पुशरॉड वरून ओढून सरळ बाहेर. एकाला लाल दोरा बांधला, एकाला पांढरा, नंतर डोकं खाजवत बसायला नको. पुशरॉड तपासायला मशीन लागत नाही, कपाटाचा आरसा आडवा ठेवून त्यावर घरंगळवायचा, वाकडा असेल तर खालून उजेड उघडझाप करताना दिसतो. आमचा एक्झॉस्टचा वाकडा निघाला, आणि वर त्याची खालची पोलादी टोपी हाताने फिरत होती. पुशरॉड ॲल्युमिनियमचा, दोन टोकांना पोलादाच्या टोप्या ठोकलेल्या, टोपी ढिली झाली की कितीही टॅपेट लावा, आवाज जाणार नाही. चार वेळा पैसे घेणाऱ्या गॅरेजवाल्याने ही टोपी एकदा तरी बोटात धरून बघितली असेल का, देव जाणे.

टायमिंग कव्हरसाठी उजवं पायदान आणि सायलेन्सरचा पाईप काढावा लागला. कव्हरचे स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात. मुलीने जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर कव्हरचा आकार काढला, भोकं पाडली आणि प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी खोचला, कुठल्या तरी चि. आणि चि. सौ. कां. च्या नावांवर स्क्रूंची माळ. कव्हर रबरी हातोडीने टकटक करून सोडवायचं, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचं नाही, ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की जन्मभर ऑइल गळतं. कव्हर सुटलं की ऑइल बदाबदा, इथेच तुमचं पान कामी आलं.

आत गिअरवर खुणा असतात, बारीक ठिपके. कॅम काढायच्या आधी या खुणा एकमेकांसमोर आणायच्या, मोबाइलवर फोटो काढायचा, आणि वर व्हाइटनरचा एकेक थेंब द्यायचा. नवे कॅम बसवताना खूण खुणेसमोरच आली पाहिजे. एक दात जरी इकडचा तिकडे झाला तर व्हॉल्व भलत्या वेळी उघडणार, गाडी किकला उलटी मारेल, कार्ब्युरेटरमधून फटाके काढेल आणि माणूस दोष देणार नव्या पार्टला.

जुना एक्झॉस्टचा कॅम हातात घेतला तेव्हा खरं काय ते कळलं. नाकाचा उंचवटा बोटाला चक्क खरखरीत लागत होता, एका बाजूला मोराच्या पिसासारखा निळसर डाग, आणि नव्याशेजारी ठेवून व्हर्नियरने मोजलं तर जवळपास एक मिलिमीटर कमी. टॅपेटच्या पायाला मध्ये खळगा पडलेला, वाटीसारखा. एक्झॉस्टचाच जास्त का, तर त्याला जळलेल्या वायूचा दाब असतानाच व्हॉल्व उघडावा लागतो, इनलेटला तेवढं ओझं नसतं. म्हणून टॅपेट पण बदलले, नवा कॅम जुन्या टॅपेटवर बसवणं म्हणजे नवी चप्पल घालून त्याच खड्ड्यात चालणं.

पार्टचं रडगाणं वेगळंच. तीन दुकानं फिरलो, तिन्हीकडे "ओरिजिनल", तिघांचे भाव तीन, आणि एकाच्याही पाकिटावर कधी बनवलं, कुठल्या वर्षाच्या इंजिनाला चालतं याचा पत्ता नाही. एकाच्या कॅमवर तर टायमिंगची खूणच नव्हती! मी म्हटलं खूण कुठाय, तर म्हणे सर, जुन्यावर ठेवून तुम्हीच मारा ना. शेवटी कोल्हापूरला उद्यमनगरात एका म्हाताऱ्या दुकानदाराने खोक्यातून चार कॅम काढले, एकेक कानसेच्या कडेने हलकं घासून बघितलं, कानस घसरली पाहिजे, धरली तर माल मऊ, आणि चारातले दोन माझ्या हातात ठेवले. असा माणूस प्रत्येक गावात कुठे मिळणार.

बसवणं उलट क्रमाने. नव्या कॅमच्या नाकाला आणि टॅपेटच्या पायाला घट्ट ग्रीस चोपडलं, कोरडं काहीच फिरू द्यायचं नाही. नवं पॅकिंग, आतला फेल्टचा ऑइल फिल्टर नवा, सव्वादोन लिटर 20डब्ल्यू50 ऑइल. टॅपेट लावताना परत कॉम्प्रेशनवर, इंजिन गार, आणि पुशरॉड दोन बोटांनी सहज फिरला पाहिजे पण वर-खाली खटखटता कामा नये, बस. या जुन्या इंजिनाला गेज लागत नाही. गार असताना फट जवळजवळ शून्य ठेवली तरी चालतं कारण इंजिन तापलं की ब्लॉक आणि हेड उंचीला वाढतात. लॉकनट आवळताना सेटिंग हलतं म्हणून तीन पाने एकदम लागतात आणि हात दोनच, तिथे मुलगी नसती तर मी अजून तिथेच बसलेलो असतो.

आणि आता माझी फजिती. सगळं बंद केलं, स्क्रू आवळले, पत्रिका रिकामी झाली, मी हात धुवायला उठलो तर तुमच्या पानावर, ऑइलच्या डबक्यात, एक वॉशर. पातळ, चकतीसारखा. कॅमच्या दांड्यावरचा. कव्हर काढताना ऑइलमुळे तो कव्हरला आतून चिकटून आला होता आणि मग गळून पडला, मला पत्ताच नाही. परत कव्हर काढलं, परत नवं पॅकिंग, दुकान बंद म्हणून दुसऱ्या दिवशी. तुमचे लेखक असते तर म्हणाले असते बघा, सांगितलं होतं. पण खरं सांगा, गॅरेजमध्ये असा वॉशर राहिला असता तर तो सापडला असता का, की झाडून कोपऱ्यात गेला असता?

दुसऱ्यांदा बंद केल्यावर लगेच चालू नाही करायची. कव्हरमध्येच ऑइलचे पंप असतात, ते रिकामे झालेले असतात. प्लग काढून, वर रॉकरला जाणाऱ्या ऑइल पाईपचा बोल्ट ढिला करून किक मारत राहायचं, तिथून ऑइल पाझरेपर्यंत. माझ्या किती किका झाल्या मोजलं नाही, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळलं. मग चालू केल्यावर पहिली काही मिनिटं आयडलला टुकटुकत ठेवायची नाही, थोडा रेस देऊन ठेवायची, नव्या कॅमला सुरुवातीलाच ऑइल भरपूर उडायला पाहिजे. शंभर किलोमीटरला टॅपेट परत बघितला, पाव फेरा लागला, त्यानंतर आज बाराशे झाले, हात लावावा लागला नाही.

काढलेलं ऑइल गटारात ओतू नका एवढं मात्र छापा. आमच्याकडची गटारं शेवटी कृष्णेलाच जातात आणि ती ते परत आणून देते, २०१९ ला दिलंच की. मी कॅनमध्ये भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला दिलं.

आता तुमच्या लेखातला पटलेला अर्धा. क्रँक, बिग एंड, व्हॉल्व गाईड, कॅमचा दांडा केसमध्ये ढिला झालेला असेल तर तो, ही कामं घरी नाहीच करायची. त्याला प्रेस लागतो, लेथ लागतो, आणि वीस वर्षांचा हात लागतो. मी कॅम काढल्यावर दांडा हलवून बघितला, हलला असता तर सगळं पिशवीत भरून सरळ लेथवाल्याकडे गेलो असतो, लाज नसती वाटली. हेच तर छापायला पाहिजे ना, की इथपर्यंत जा आणि इथे थांबा. सरसकट "उघडू नका" म्हटल्याने काय होतं, ज्याला उघडायचंय तो उघडतोच, फक्त प्लग काढून पिस्टन वर आणायची पायरी त्याला कोणी सांगितलेली नसते.

आणखी एक. १५ वर्षांवरच्या गाडीचं रजिस्ट्रेशन पाच पाच वर्षांनी नवं करावं लागतं, एप्रिल २०२२ ला दुचाकीची त्याची फी तीनशेची हजार झाली होती, वर पर्यावरण कर. भरतो आम्ही, तक्रार नाही. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने "राइट टू रिपेअर"चं पोर्टल काढलं, त्यात मोबाइल, घरातली उपकरणं, शेतीची अवजारं आणि गाड्या अशी चार क्षेत्रं आहेत, म्हणजे सरकार पण म्हणतंय की दुरुस्तीची माहिती गिऱ्हाइकाला मिळाली पाहिजे. मग मराठी पेपरने ती मराठीत द्यायला काय हरकत आहे. मुलीने इंग्रजी वाचून सांगितलं म्हणून माझं निभावलं. आमच्या जुन्या मिस्त्रींना सगळं हाताने येतं पण एक ओळ कुठे लिहिलेली नाही, आणि डोळे गेल्यापासून ते घरी बसून आहेत. अशा माणसांकडे कोणीतरी वही घेऊन जायला पाहिजे. गाड्यांच्या पानावर नव्या स्कूटरचे रंग किती आले ते दर आठवड्याला येतं, त्यातली अर्धी जागा महिन्यातून एकदा द्या, मी मिस्त्रींकडे बसून लिहून आणून देतो, फुकट.

जुने दोन्ही कॅम मी खिडकीत ठेवलेत. तुमच्या लेखकांना सांगलीला यायला जमलं तर एक्झॉस्टच्या नाकावर बोट फिरवून बघा म्हणावं, चहा आमच्याकडे.

पत्र फार लांबलंय, कात्री लावणार हे माहीत आहे. आजोबांचं काढलंत तरी चालेल, माझ्या फजितीचं पण. फक्त पंपात ऑइल चढेपर्यंत किक मारायचं जे आहे तेवढं कापू नका, ते कापलंत तर वाचून करणाऱ्याचं इंजिन जाम होईल आणि मग लोक तुम्हाला पत्र लिहितील.

आपला,
एक बुलेटवाला मास्तर, सांगली